गाठ काढली, आता पुढे काय?

अंडाशयावरील (गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या, बीज आणि संप्रेरके तयार करणाऱ्या बदामाएवढ्या ग्रंथी) गाठीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या शंका विचारणारी बरीच पत्रे आली आहेत. ती वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवली. आपल्या पोटातून नेमके काय काढले, हे अनेक जणींना ठाऊकच नाही. 'गाठ काढली' एवढेच त्यांना सांगितले गेले आहे. नुसती गाठ सोलून काढून अंडाशय जागेवर ठेवणे, एक अंडाशय काढणे आणि दोन्ही अंडाशये काढणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. वरची जखम तिन्हींत सारख्याच वेळात भरते, पुढची वाटचाल मात्र वेगळी असते. म्हणून उत्तरे वाचताना आपले डिस्चार्ज कार्ड हाताशी ठेवावे, ही विनंती.

"परवा दुर्बिणीतून उजव्या ओव्हरीवरची गाठ काढली. पोटाचं फारसं काही नाही, पण उजवा खांदा असा ठणकतोय की कूस बदलता येत नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, खांदा दुखणं हार्टचं असतं. ऑपरेशन पोटाचं आणि दुखणं खांद्याला, म्हणजे काही चुकलं तर नाही ना?"
— वय ३४, बार्शी

काही चुकलेले नाही. लॅपरोस्कोपी (पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साहाय्याने केलेली शस्त्रक्रिया) करताना आतले अवयव नीट दिसावेत म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. शेवटी तो बाहेर सोडतात, तरी थोडा मागे राहतो आणि श्वासपटलाला (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) डिवचतो. या पडद्याची आणि खांद्याची संवेदना वाहून नेणाऱ्या नसा मानेत एकाच ठिकाणाहून निघतात, त्यामुळे मेंदूला ते दुखणे खांद्याचे वाटते. शरीर हा वायू शोषून घेते आणि बहुधा दोन-तीन दिवसांत ठणका ओसरतो. घरातल्या घरात थोड्या थोड्या वेळाने चालणे, खांद्याला कोमट शेक आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी वेळेवर घेणे एवढे पुरते. पोट फुगल्यासारखे वाटणे हेही यातलेच; वारा सरू लागला की हलके वाटते.

काकूंची काळजी मात्र अगदीच वावगी नाही. छातीवर दडपण, दरदरून घाम, दम लागणे यांपैकी काही असेल तर वायूचे दुखणे म्हणून अंगावर काढू नका, लगेच रुग्णालय गाठा. आणखी एक खूण प्रत्येकीने लक्षात ठेवावी. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर पोटाचे दुखणे रोज कालच्यापेक्षा कमी व्हायला हवे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर ते वाढू लागले, सोबत उलट्या, पोट ताठ होणे किंवा १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप असेल, तर आतड्याला इजा किंवा जंतुसंसर्ग झाला नाही ना, हे त्याच दिवशी तपासून घ्यावे लागते. एका पायाची पोटरी सुजून दुखणे, लघवी न होणे, तासाभरात पॅड भिजेल एवढा रक्तस्राव ही लक्षणेही फोनवर विचारत बसण्याची नाहीत. थेट जावे, वाहन नसेल तर १०८ला फोन करावा.

"माझं पोट उघडून ऑपरेशन झालं, डाव्या बाजूची मोठी गाठ ओव्हरीसकट काढली. आज बारावा दिवस. सासूबाई म्हणतात, बाळंतिणीसारखं सव्वा महिना अंथरूण सोडू नको, भात खाऊ नको, टाके पिकतील. पण आमच्याकडे पाणी लांबून आणावं लागतं, किती दिवस दुसऱ्यांच्या जिवावर राहू? डिंकाचे लाडू चालतील का?"
— वय ४१, माण तालुका

सासूबाईंची माया खरी आहे. त्यांच्या सांगण्यातली अर्धी गोष्ट अगदी बरोबर आहे: ओझे उचलायचे नाही. अर्धी मात्र सोडून द्यायला हवी: पडून राहायचे नाही. सतत झोपून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो, छातीत कफ साठतो, शौचाला कडक होते आणि अंगातली ताकदही जाते. अंडाशयाची गाठ यशस्वीपणे काढल्याची वैद्यकीय इतिहासातली पहिली गाजलेली शस्त्रक्रिया १८०९मध्ये अमेरिकेत केंटकी येथे इफ्रेम मॅकडॉवेल यांनी जेन टॉड क्रॉफर्ड या स्त्रीवर केली. तेव्हा भूल देण्याचे शास्त्रच नव्हते. गाठ दहा किलोंच्या आसपास होती. पाचव्या दिवशी डॉक्टर पाहायला आले तेव्हा त्या बाई स्वतःचे अंथरूण आवरत होत्या, आणि त्यानंतर त्या तीस वर्षांहून अधिक जगल्या. त्यांच्याइतके सोसण्याची वेळ आज कोणावरही येऊ नये, पण लवकर उठल्याने जखमेचे काही बिघडत नाही, हे यातून दिसते.

उठताना सरळ उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाटेखाली सोडा आणि कोपरावर भार देऊन बसा. त्यामुळे टाक्यांवर ताण येत नाही. खोकताना, शिंकताना जखमेवर उशी घट्ट धरा. रोज चालण्याचे अंतर थोडे थोडे वाढवा. भाजी निवडणे, पोळ्या लाटणे यांसारखी कामे आता झेपतील तशी करायला हरकत नाही. भरलेला हंडा, धान्याचे पोते, कडेवर मूल, ओल्या कपड्यांची बादली या गोष्टींना मात्र निदान सहा आठवडे हात लावू नका. कातडी पंधरा दिवसांत जुळलेली दिसते. तिच्याखालचा पोटाचा मजबूत पडदा सांधायला बराच जास्त वेळ लागतो. तेवढ्यात ओझे पडले तर त्या जागी हर्निया (पोटातला भाग फटीतून बाहेर येणे) होऊ शकतो आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. तुम्ही दुसऱ्यांच्या जिवावर राहत नाही आहात. हे सहा आठवडे पाणी घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी आणायचे आहे. हे डॉक्टरांचे सांगणे आहे, असे घरात खुशाल वाचून दाखवा.

भाताने टाके पिकत नाहीत. टाके पिकतात ते जंतुसंसर्गाने; मधुमेह ताब्यात नसेल तर त्याची शक्यता वाढते. भात, वरण, ताक, पालेभाजी, अंडी, मटकीची उसळ सारे खा. प्रथिनांवर भर द्या, कारण जखम त्यांनीच भरते. डिंकाचा लाडू चवीपुरता चालेल, पण तूप-गुळाचा जड आहार आणि कमी चालणे एकत्र आले की शौचाला त्रास होतो. भरपूर पाणी प्या, गरज वाटल्यास रात्री इसबगोल घ्या, आणि कुंथू नका. जखमेतून पू आला, भोवती लाली पसरली किंवा जखम उकलली, तर मात्र हळद-तेल न लावता दवाखान्यात दाखवा.

"माझ्या १९ वर्षांच्या मुलीच्या पोटात अचानक दुखायला लागलं, रात्रीतून ऑपरेशन करावं लागलं. गाठीत केस आणि दात निघाले म्हणे! ओव्हरीला पीळ पडून ती काळी पडली होती, म्हणून काढून टाकली. असलं तिच्या पोटात आलं कुठून? आता तिला मूल होईल का? उद्या स्थळं बघताना सांगावं की लपवावं? रात्र रात्र झोप लागत नाही."
— एक आई, जळगाव

केस आणि दात ऐकून कोणाच्याही अंगावर काटा येईल, पण यात अघटित काही नाही. ही डरमॉइड सिस्ट (बीजपेशीपासून वाढलेली, बहुतेक वेळा साधी गाठ). बीजपेशीत शरीराचा कोणताही भाग घडवण्याची क्षमता असते. ती पेशी फलनाशिवायच वाढू लागली की तिच्यातून त्वचा, केस, चरबी, कधी दातही तयार होतात. मुलीच्या वागण्याशी, खाण्याशी किंवा कोणत्याही शारीरिक संबंधाशी याचा काडीचाही संबंध नाही. तरुण मुलींत या गाठी नेहमी आढळतात. गाठीच्या वजनाने अंडाशयाला पीळ पडतो आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. असे दुखणे तासांच्या हिशेबाने वाढते. तुम्ही रात्रीच तिला नेले, हे फार योग्य केले.

एक अंडाशय शाबूत असेल तर पाळी येते, संप्रेरके तयार होतात आणि गर्भधारणाही होते. उरलेले अंडाशय जवळजवळ दर महिन्याला बीज सोडण्याचे काम अंगावर घेते. रजोनिवृत्ती थोडी लवकर येऊ शकते, तीही सरासरी वर्षभराच्या फरकाने. एक दक्षता मात्र हवी. शंभरातल्या दहा-पंधरा जणींना अशी गाठ दोन्ही बाजूंना आढळते, म्हणून उरलेल्या अंडाशयाची सोनोग्राफी डॉक्टर सांगतील त्या अंतराने करत राहा. पुन्हा तसेच अचानक, उलटीसह दुखले तर थांबू नका. वेळेत पोहोचल्यास पीळ सोडवून अंडाशय वाचवता येते. काळसर दिसणारेही पुष्कळदा पूर्ववत होते.

स्थळांचा प्रश्न वैद्यकीय नाही, तरी विचारला आहे म्हणून सांगते. लपवण्यासारखे काहीही घडलेले नाही. कोणाला सांगायचे, कधी आणि किती, हे मुलीने ठरवावे, कारण शरीर तिचे आहे. सध्या तिला याहून जास्त गरज आहे ती आईच्या चेहऱ्यावर भीती न दिसण्याची.

"चॉकलेट सिस्ट काढून दोन महिने झाले. ऑपरेशनआधी एएमएच २.४ होतं, आता १.१ आलंय. लग्नाला तीन वर्षं झाली. डॉक्टर, माझी अंडी संपत चालली आहेत का? सिस्ट परत येते असंही वाचलं. मग ऑपरेशन केलंच कशाला?"
— वय २९, ठाणे

चॉकलेट सिस्ट म्हणजे एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे अस्तर बाहेर वाढण्याचा आजार) अंडाशयातली गाठ. दर पाळीला तिच्यात रक्त साठून ते गडद तपकिरी होते. साध्या गाठीचे आवरण उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखे सुटून येते. चॉकलेट सिस्टचे तसे होत नाही. तिचे आवरण अंडाशयाला चिकटलेले असते आणि ते काढताना थोडा चांगला भागही, म्हणजे काही बीजे, सोबत निघून जातो. त्यामुळे एएमएच (शिल्लक बीजांचा अंदाज देणारी रक्ततपासणी) घटते. काही जणींत ते पुढच्या महिन्यांत काहीसे वरही येते. हा आकडा बीजांच्या संख्येचा अंदाज देतो. बीजांचा दर्जा त्यावरून कळत नाही, आणि नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही याचे भाकीतही त्यावरून करता येत नाही. दर्जा मुख्यतः वयावर ठरतो आणि २९ हे वय तुमच्या बाजूचे आहे. महिन्याला लागते ते एकच बीज.

ही गाठ पुन्हा होऊ शकते, हे तुम्ही वाचलेत ते खरे आहे. म्हणून ज्यांना लगेच मूल नको असते त्यांना शस्त्रक्रियेनंतर पाळी दाबून ठेवणारी संप्रेरकांची औषधे देतात. त्यांनी गाठ परतण्याचे प्रमाण बरेच घटते. तुम्हाला मूल हवे असेल तर ही औषधे घेत वाट पाहण्यात अर्थ नाही. प्रयत्न आताच सुरू करणे चांगले. पतीची वीर्यतपासणी झाली नसेल तर ती याच आठवड्यात करून घ्या. साधी, स्वस्त तपासणी असूनही ती नेहमी मागे पडते. तीन वर्षे झाली आहेत आणि आजार एंडोमेट्रिओसिसचा आहे, तेव्हा वंध्यत्वतज्ज्ञांना आत्ताच भेटा. दुसऱ्यांदा गाठ दिसली तर पुन्हा शस्त्रक्रियेला होकार देण्याआधीही त्यांचे मत घ्यावे, कारण प्रत्येक शस्त्रक्रियेत बीजांचा साठा आणखी कमी होतो.

"विचारायला लाज वाटते, पण संबंध कधीपासून ठेवता येतील? आणि स्कूटर? ऑपरेशनच्या तिसऱ्याच दिवशी ब्लीडिंग झालं, ती पाळी की आणखी काही?"
— वय २६, पुणे

दुर्बिणीतून नुसती गाठ काढली असेल तर दोन-तीन आठवड्यांनी, दुखणे आणि रक्तस्राव थांबल्यावर, संबंध ठेवता येतात. त्याने आतले टाके तुटत नाहीत. सोबत गर्भाशय काढले असेल तर योनीच्या वरच्या टोकाला टाके असतात. तेव्हा डॉक्टरांनी तपासून परवानगी देईपर्यंत थांबावे, साधारण सहा ते आठ आठवडे. जोरात ब्रेक दाबताना पोटात कळ येत नसेल आणि गुंगी आणणारी औषधे बंद असतील, तेव्हा स्कूटर चालवा. बहुतेकींना त्यासाठी एक-दोन आठवडे लागतात. तिसऱ्या दिवसाचा रक्तस्राव घाबरण्याजोगा नाही. मासिक पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात अंडाशय हाताळले गेले की संप्रेरकांची पातळी घसरते आणि पाळीसारखे रक्त जाते. पुढची पाळी मागेपुढे होईल. दोन महिने आलीच नाही तर आधी गर्भधारणेची तपासणी करा आणि मग डॉक्टरांना भेटा.

"माझ्या पत्नीचं वय ४१. दोन्हीकडे गाठी होत्या म्हणून तीन महिन्यांपूर्वी पिशवी आणि दोन्ही ओव्हरी काढल्या. आता ती रात्री घामाने भिजून उठते, पंखा फुल्ल लावते, लहानसहान गोष्टींवर रडते. 'मी आता बाई राहिले नाही' असं म्हणाली. डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या सांगितल्या, पण त्याने कॅन्सर होतो म्हणून आम्ही घेतल्या नाहीत. चुकलं का आमचं?"
— एक वाचक, कोल्हापूर

तुम्ही हे पाहिलेत आणि पत्र लिहिलेत, याचा पत्नीला मोठा आधार आहे. तिचे रडणे म्हणजे मनाचा कमकुवतपणा नव्हे. आपल्याकडे स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते, तीही काही वर्षे हळूहळू कमी होत. तुमच्या पत्नीला एका दिवसात रजोनिवृत्ती आली. इस्ट्रोजेन (अंडाशयातून पाझरणारे मुख्य स्त्री-संप्रेरक) अचानक तुटले, म्हणून घाम, वाफा, निद्रानाश आणि मनाची घालमेल इतकी तीव्र आहे.

गोळ्यांची भीती कुठून आली, तेही सांगते. २००२मध्ये अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले आणि जगभर या औषधांचा धसका बसला. त्या अभ्यासातल्या स्त्रिया ५० ते ७९ वयाच्या, सरासरी ६३ वर्षांच्या होत्या. पाळी जाऊन बरीच वर्षे झालेल्या स्त्रियांना औषध सुरू करणे वेगळे आणि ४१व्या वर्षी शरीरातून तुटलेले संप्रेरक भरून काढणे वेगळे. त्याच अभ्यासात गर्भाशय काढलेल्या ज्या स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन दिले होते, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढलेला आढळला नाही. उलट, इतक्या लवकर अंडाशये गेली आणि इस्ट्रोजेन भरून काढले नाही, तर हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून ४५च्या आत दोन्ही अंडाशये काढली असतील, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, साधारण पन्नाशीपर्यंत, ही औषधे घ्यावीत असाच सल्ला दिला जातो. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा गंभीर आजार असलेल्यांची गोष्ट वेगळी. गाठींच्या तपासणीचा अहवाल, रक्तदाब, कुटुंबातले आजार हे सारे पाहून तुमच्या डॉक्टरांनीच औषध आणि मात्रा ठरवायची आहे, तेव्हा त्यांना पुन्हा भेटा. चुकले म्हणून मनाला लावून घेऊ नका. तीन महिन्यांचा उशीर भरून निघण्याजोगा आहे.

सोबत नाचणी, दूध, तीळ, सकाळचे ऊन आणि रोजचे भरभर चालणे हाडांसाठी हवेच. योनीचा कोरडेपणा असेल तर त्यासाठी मलम मिळते. संकोच न करता सांगावे. आणि ती 'बाई राहिले नाही' म्हणते तेव्हा समजावू नका, आधी पूर्ण ऐकून घ्या. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, कशातच रस नसणे, जगणे नकोसे वाटणे असे असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली तर त्याच दिवशी.

"रिपोर्टवर 'म्युसिनस सिस्टअडेनोमा' लिहिलंय. 'ओमा' म्हणजे कॅन्सरच ना? ऑपरेशनच्या आधी सीए-१२५ सत्तर होतं."
— वय ३८, नांदेड

नाही. ही चिकट द्रव भरलेली साधी गाठ आहे, कर्करोग नाही. सीए-१२५ (रक्तातले एक प्रथिन) ३५पर्यंत सर्वसाधारण मानतात, पण ते पाळीच्या दिवसांत, एंडोमेट्रिओसिसमध्ये, गरोदरपणात, पोटाच्या क्षयरोगातही वाढते. काढलेल्या गाठीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली असेल, तर त्या अहवालाचा शब्द सीए-१२५पेक्षा कितीतरी भरवशाचा. अहवालात 'बॉर्डरलाइन' किंवा 'कार्सिनोमा' असे शब्द असते, तर स्त्री-कर्करोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक होते. तुम्ही लिहिलेल्या मजकुरात ते नाहीत. तरी मूळ कागद घेऊन आपल्या डॉक्टरांना एकदा भेटा आणि पुढची सोनोग्राफी कधी करायची ते विचारा. अहवाल घरी वाचून अर्थ लावत बसण्याचा ताण फार असतो.

"गाठ काढायला गेले आणि ओव्हरीच काढली. मी बेशुद्ध असताना नवऱ्याची सही घेतली. मला हे आठ दिवसांनी टाके काढताना कळलं. काढणं गरजेचं होतं का, हे मला आता कोण सांगणार?"
— वय ३६, छत्रपती संभाजीनगर

तुमचा राग रास्त आहे. अंडाशय काढावे लागण्याची खरी कारणे असू शकतात: न थांबणारा रक्तस्राव, पीळ पडून पूर्ण निकामी झालेले अंडाशय किंवा डोळ्यांना दिसलेली कर्करोगाची शंका. तशी शक्यता आधी दिसत असेल तर ती रुग्णाला समजावून तिची सही घेतली जाते. तुम्ही सही केलेल्या संमतीपत्रात 'गरज पडल्यास अंडाशय काढणे' असा उल्लेख आहे का, ते आधी पाहा. नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २००८चा निकाल तुम्हाला लागू पडू शकतो. त्या प्रकरणात भुलीखाली असलेल्या स्त्रीच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि अंडाशये काढली होती. जिवाला तातडीचा धोका नसताना नातेवाइकाची अशी संमती पुरेशी नाही, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले.

काढणे गरजेचे होते का, याचे उत्तर मात्र कागदांतूनच मिळेल. रुग्णालयाला लेखी अर्ज द्या. रुग्णाने मागितल्यास तिच्या नोंदी ७२ तासांत देण्याचे बंधन डॉक्टरांवर आहे. शस्त्रक्रियेची सविस्तर टिपणी, संमतीपत्र, सोनोग्राफी आणि काढलेल्या भागाचा तपासणी अहवाल असे सारे मागा. ते घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्या. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाही समोर बसून विचारा, सोबत विश्वासातले कोणी असू द्या. कारण पटले नाही तर मग वकिलांचा सल्ला घ्यायचा. उरलेले अंडाशय नीट काम करते आहे का, तेही त्याच भेटीत तपासून घ्या. पाळी नियमित येत असेल तर ते करते आहे.